१९७२ च्या शेव्हरोले सी-१० पिकअपमधील सोयी, पर्याय आणि त्यांची पारख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही टेक्सासमध्ये राहता, शेजारच्या ओक्लाहोमातील एका विक्रेत्याकडची १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप तुमच्या मनात भरली आहे, आणि ती आठ फुटी हौद्याची, ‘शायेन सुपर’ सजावटीची, कारखान्यातूनच ‘४००’ व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन, एअर कंडिशनर, पॉवर स्टिअरिंग आणि डिस्क ब्रेक घेऊन आलेली गाडी आहे, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. या गाडीला मुळात काय काय मिळत असे, त्यातले कोणते पर्याय खरोखर कामाचे होते आणि विक्रेता सांगतो ते खरे आहे की नाही हे कसे ओळखावे, एवढे तुम्हाला हवे आहे. गेली सव्वीस वर्षे मी ओहायोमध्ये जुन्या अमेरिकन पिकअप दुरुस्त करण्याचे काम करतो आहे आणि माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत १९६७ ते १९७२ या पिढीच्या शेव्हरोले आणि तिच्या जुळ्या बहिणी जीएमसी सर्वांत जास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुम्हीच पाठवलेल्या एका तपशिलापासून करतो, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. तुम्ही कळवलेला चासी क्रमांक ‘सी सी एस १४२’ असा सुरू होतो. १९७२ च्या क्रमांकातले पहिले अक्षर शेव्हरोले विभागाचे असते. दुसरे अक्षर सी असेल तर गाडी मागच्या दोन चाकांवर चालणारी आणि के असेल तर चारही चाकांवर चालणारी असते. तिसरे अक्षर इंजिनाचे, त्यानंतरचा १ हा अर्ध्या टनाच्या (हलक्या भाराच्या) वर्गाचा, ४ हा केबिन आणि हौदा अशा बांधणीचा आणि २ हा १९७२ या वर्षाचा. तिसऱ्या जागी ई असेल तर गाडी व्ही-८ घेऊन कारखान्याबाहेर पडलेली असते, आणि एस असेल तर सहा सिलिंडरचे इंजिन घेऊन. तुमच्या गाडीला एस आहे. त्यामुळे आज बॉनेटखाली कितीही मोठे इंजिन असले, तरी ही गाडी जन्मतः सहा सिलिंडरची आहे, आणि ‘कारखान्यातूनच ४००’ हा दावा इथेच निकालात निघतो. विक्रेता मुद्दाम खोटे बोलतो आहे असे मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांत पाच-सात मालक झालेल्या गाडीबरोबर अशा ऐकीव गोष्टीही हातोहात पुढे जात असतात. क्रमांकातले पुढचे अक्षर कारखान्याचे असते: एफ म्हणजे मिशिगनमधील फ्लिंट, जे म्हणजे विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल, एस म्हणजे सेंट लुइस, झेड म्हणजे कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट. १९६७ ते १९७१ च्या गाड्यांत विभागाचे पहिले अक्षर नसे, त्यामुळे त्यांचा क्रमांक एका अक्षराने लहान असतो. जुन्या गाडीचा क्रमांक वाचताना एवढे लक्षात असू द्या. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर जो क्रमांक आहे तोच उजव्या बाजूच्या चासीच्या रेलवर, पुढच्या चाकाच्या आसपास, ठोकलेला असतो. तिथली माती तारेच्या ब्रशने काढून दोन्ही क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे सगळे इतके काटेकोरपणे पाहावे लागते, कारण त्या काळी पिकअप आजच्यासारखी चार-पाच ठरावीक प्रकारांत विकली जात नव्हती. शेतकरी, प्लंबर किंवा ठेकेदार विक्रेत्यासमोर बसून मागणीपत्रातली एकेक ओळ भरत असे. रेडिओ वेगळा, पॉवर स्टिअरिंग वेगळे, मागची मोठी काच वेगळी, इतकेच काय, मागचा बंपरसुद्धा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे. त्यामुळे अत्यंत साध्या, रबरी मॅटिंग घातलेल्या केबिनच्या गाडीत कारखान्यानेच बसवलेले मोठे इंजिन सापडते आणि चकचकीत पट्ट्या लावलेल्या गाडीत सहा सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर असतात. सजावटीवरून यंत्राचा अंदाज बांधता येत नाही आणि यंत्रावरून सजावटीचाही नाही. प्रत्येक गाडी ही कोणा एका माणसाने दिलेली मागणी आहे, आणि ती मागणी वाचणे हेच या धंद्यातले खरे काम आहे.

ती वाचण्याचे मुख्य साधन म्हणजे ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद. त्यावर चासी क्रमांक, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर), रंगाची माहिती आणि त्याखाली कारखान्याने बसवलेल्या प्रत्येक पर्यायाचा संकेतांक, शेजारी दोन-चार शब्दांत त्याचे वर्णन असते. सी ६० म्हणजे एअर कंडिशनर, एन ४० म्हणजे पॉवर स्टिअरिंग, जी ८० म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद देणारे डिफरन्शियल. अस्सल कागद आता चहाच्या रंगाचा झालेला असतो, त्याचे कोपरे सुटलेले असतात, आणि झाकणाच्या कुलपाभोवती वर्षानुवर्षे बोटे लागून तो तेलकट झालेला असतो. या कागदाच्या नव्या नकला बाजारात मिळतात, आणि त्यावर हवे ते संकेतांक छापून घेता येतात. धंद्याच्या चौथ्या वर्षी मी अशाच एका कागदावर विसंबून एका व्यापाऱ्याकडून १९७१ ची गाडी घेतली. कागद शायेनचा होता, त्यावर एअर कंडिशनर होता, मोठे इंजिन होते. गाडी दुकानात आणून डॅशबोर्ड उतरवला तेव्हा दिसले की एअर कंडिशनरसाठी इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यात जो मोठा चौकोन कापलेला असतो, तो या गाडीत करवतीने वेडावाकडा कापलेला होता. त्या एका चुकीत माझी जवळजवळ वर्षाची बचत गेली. तेव्हापासून मी कागद वाचतो आणि मग त्याची प्रत्येक ओळ पत्र्यावर, लोखंडावर ताडून पाहतो. कागद नसेल तर गाडी वाईट ठरत नाही, कारण असंख्य गाड्यांतील तो कधीच गळून पडला आहे. नवाकोरा पांढरा कागद दिसला तर मात्र सावध व्हावे.

आता सजावटीविषयी. १९६७ ते १९७० या काळात साध्या केबिनच्या वर ‘कस्टम स्पोर्ट ट्रक’, म्हणजे सीएसटी, हा सर्वांत वरचा दर्जा होता. १९७१ मध्ये नावे बदलून कस्टम, कस्टम डिलक्स आणि शायेन अशी झाली आणि त्याच वर्षाच्या मध्यावर शायेन सुपर आली. शायेनमध्ये चांगल्या कापडाचे किंवा व्हिनाइलचे आसन, जमिनीवर गालिचा, आवाज अडवणारे अस्तर, बाहेरून चकचकीत पट्ट्या असा थाट असे, आणि सुपरमध्ये त्या पट्ट्यांच्या मधल्या भागात लाकडी नक्षीची भर पडे. बाकासारख्या सलग आसनाऐवजी दोन वेगळी आसनेही मागवता येत, आणि त्यांच्यामध्ये झाकणाची पेटी किंवा दुमडता येणारे लहान आसन मिळे. अस्सल जोडी मिळाली तर तिला आज चांगली किंमत येते. या सर्व वस्तू नव्याने बनवलेल्या स्वरूपात मिळतात, म्हणून ‘सुपर’ हा बिल्ला लावायला एक दुपार पुरते. पट्ट्या मुळातल्या आहेत की नंतरच्या, हे हौद्याच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने हात घालून पाहिले तर कळते. कारखान्याची भोके एका रेषेत, सारख्या अंतरावर असतात आणि त्यांच्या कडांवर मूळ रंग असतो. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकांच्या कडा बोटाला टोचतात आणि त्यांच्याभोवती गंजाचे कडे दिसते.

इंजिनांकडे वळू. या पिढीत पायाभूत इंजिन सहा सिलिंडर एका रांगेत असलेले २५० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.१ लिटरचे होते, आणि जड कामासाठी त्याच घराण्यातले २९२ घन इंचांचे. व्ही-८ मध्ये १९६७ साली २८३ आणि ३२७, १९६८ पासून ३०७, १९६९ पासून ३५० आणि १९६८ पासूनच मोठ्या ब्लॉकचे (म्हणजे मोठ्या ओतीव सांगाड्याचे) ३९६ मिळू लागले. या ३९६ चे पोट १९७० मध्ये वाढवून ४०२ घन इंच करण्यात आले, तरी बिल्ला काही काळ ३९६ राहिला आणि पुढे पिकअपवर तो ‘४००’ झाला. म्हणजे तुमच्या विक्रेत्याच्या ‘४००’ चा खरा आकडा ४०२ असायला हवा. बॉनेट उघडल्यावर मोठा आणि लहान ब्लॉक ओळखणे सोपे आहे. लहान ब्लॉकच्या वरच्या झाकणाला चार बोल्ट असतात, मोठ्याच्या झाकणाला सात. लहान ब्लॉकच्या मधल्या दोन एक्झॉस्ट वाटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, मोठ्याच्या चारही सारख्या अंतरावर असतात. उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट, घासलेली जागा असते आणि तीवर इंजिन कारखान्याचे अक्षर, महिना, दिवस आणि वापराचा संकेत ठोकलेला असतो. मोठे ब्लॉक न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथे बनत, म्हणून तिथे पहिले अक्षर टी दिसायला हवे.

अश्वशक्तीच्या आकड्यांवरून अनेकजण फसतात, म्हणून एक खुलासा करतो. १९७० च्या माहितीपत्रकात ३५० इंजिनाची ताकद २५५ अश्वशक्ती दिली आहे आणि १९७२ मध्ये त्याच ३५० ची १७५. यावरून १९७२ चे इंजिन अगदीच मवाळ होते असा निष्कर्ष काढला जातो, पण दोन आकडे दोन पद्धतींनी मोजलेले आहेत. आधी इंजिन उघडे ठेवून, पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर यांचा भार न धरता मोजत; १९७२ मध्ये गाडीत जसे बसते तसे, सर्व सरंजामासह मोजू लागले. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावे म्हणून सिलिंडरमधला दाब थोडा कमी केला गेला हे खरे आहे, पण गाडी चालवताना जाणवणारा फरक आकड्यांतल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी आहे. माझे मत विचाराल तर रोजच्या वापरासाठी ३५० हे या गाडीतले सर्वांत समतोल इंजिन आहे. ४०२ ओढायला जबरदस्त आहे, पण ते नाकावर वजन टाकते, पेट्रोल सढळ हाताने पिते आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात त्याला मोठा रेडिएटर लागतोच. २५० चे सहा सिलिंडरचे इंजिन मात्र उगाच हिणवले जाते. ते हळू आहे, पण सहजासहजी मरत नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा असते की आत उभे राहून काम करता येईल.

गिअरबॉक्समध्ये मूळ देणगी स्टिअरिंगच्या दांड्यावरील तीन गिअरची. त्यावर चार गिअरचा ‘एसएम ४६५’ हा पर्याय १९६८ पासून मिळे, आणि त्याचा पहिला गिअर ६.५५ इतका ताकदीचा आहे की रिकामी गाडी त्यात माणसाच्या चालीने रांगते; एरवी सर्वजण दुसऱ्यातच सुरुवात करतात. शेतातून गवताच्या गाठी उचलत जाणाऱ्यासाठी तो पहिला गिअर खास होता. ऑटोमॅटिकमध्ये दोन गतींचा पॉवरग्लाइड आणि तीन गतींचे टर्बो हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० होते. पॉवरग्लाइड मला या वजनाच्या गाडीत कधीच पटला नाही, टर्बो ४०० वर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा. यापैकी कशालाही ओव्हरड्राइव्ह, म्हणजे महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर, नाही, आणि त्यामुळे मागच्या एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो तो आकडा) तुमच्या दृष्टीने इंजिनाइतकेच महत्त्वाचे आहे. अठ्ठावीस इंची टायरवर ताशी ६५ मैलांना ३.७३ चे गुणोत्तर इंजिनाला मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घ्यायला लावते, ३.०७ चे सुमारे २,४००. पहिले ओझे ओढायला उत्तम, दुसरे महामार्गावर कानांना आणि खिशाला सुखाचे. मागची दोन्ही चाके उचलून एक हाताने फिरवा: दुसरे त्याच दिशेने फिरले तर जी ८० आहे, उलट्या दिशेने फिरले तर साधे डिफरन्शियल आहे किंवा जी ८० च्या आतल्या प्लेटा झिजून संपल्या आहेत.

ब्रेकच्या बाबतीत तुमच्या विक्रेत्याचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, कारण १९७१ पासून पुढची डिस्क ही पर्याय न राहता सर्वच हलक्या पिकअपना मिळू लागली. माझ्या मते संपूर्ण पिढीतला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि ज्याला ही गाडी रोज चालवायची आहे त्याने १९७१ किंवा १९७२ चीच घ्यावी, असे मी सांगतो ते याच कारणासाठी. १९७० पर्यंतचे चारही ड्रम नीट जुळवलेले असले तर पहिल्या दोन-तीन वेळा चांगले थांबतात, पण उतारावर तापले की पेडल पायाखाली खोल जाते आणि पावसाच्या पाण्यातून गेल्यावर गाडी एका बाजूला ओढते. मागे भार असताना ते मी एकदा अनुभवले आहे. पुढच्या सिग्नलवरची मोटार जवळ येत असताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून बसण्याखेरीज काही हातात उरले नव्हते. डिस्कबरोबर आणखी एक बदल झाला, तो पारखीला उपयोगी आहे. दोन चाकांवर चालणाऱ्या अर्ध्या टनाच्या गाडीला १९७० पर्यंत चाकाला सहा नट होते, १९७१ पासून पाच झाले. तुमच्या १९७२ च्या सी-१० ला पुढे किंवा मागे सहा नट दिसले तर तो एक्सल किंवा ते हब जुन्या गाडीचे आहेत. चारही चाकांवर चालणाऱ्या के-१० ला मात्र सहाच राहिले, ते चूक समजू नका.

या गाडीची चाल ही तिची खासियत आहे, आणि ती मागच्या रचनेमुळे आली आहे. इतर पिकअपना मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असत, तर शेव्हरोलेने सी-१० ला मागेही कॉइल स्प्रिंग दिल्या आणि एक्सल धरून ठेवायला चासीच्या मध्यापासून मागे जाणारे दोन लांब लोखंडी हात दिले. ही कल्पना इतकी पक्की ठरली की अमेरिकेतील नॅस्कारच्या शर्यतीच्या मोटारींनी हीच मांडणी उचलली आणि तिथे या हातांना आजही ‘ट्रक आर्म’ असेच म्हणतात. रिकामी गाडी खड्ड्यावरून जाताना मागून उड्या मारत नाही, हा त्याचा रोज जाणवणारा फायदा. जड भार कायम वाहणाऱ्यांसाठी पाटे मागवण्याची सोय होती, आणि जीएमसीच्या अर्ध्या टनाच्या जुळ्या गाडीला मुळातच पाटे असत. तुम्हाला घर, बाजार आणि अधूनमधून फर्निचर एवढेच न्यायचे आहे, तेव्हा कॉइलच हव्यात.

हौद्याचे दोन प्रकार. फ्लीटसाइडच्या बाजू केबिनच्या रेषेत सरळ मागे जातात. स्टेपसाइडच्या हौद्याच्या बाहेर मागच्या चाकांचे वेगळे फुगीर मडगार्ड आणि केबिनच्या मागे पाय ठेवायची पायरी असते. लांबी साडेसहा फूट किंवा आठ फूट, आणि त्यांचे व्हीलबेस अनुक्रमे ११५ आणि १२७ इंच. कॅम्पर, म्हणजे हौद्यावर बसणारी मुक्कामाची खोली, वाहणाऱ्यांसाठी वरच्या वर्गात १३३ इंचांची ‘लाँगहॉर्न’ होती, तिचा हौदा साडेआठ फुटी, आणि तिच्या बाजूच्या पत्र्यावर जोडाची उभी रेघ दिसते. आज आखूड हौद्याला फार मागणी आहे, त्यामुळे अनेकांनी लांब गाडीची चासी कापून आखूड केली आहे. तुमची लांब आहे, ती तशीच राहू द्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावून १२७ इंच भरतात का तेवढे पाहा. प्लायवूडचा पूर्ण तक्ता फाळका लावून आत मावतो, हे सुख आखूड हौद्यात नाही. काही हौद्यांची जमीन पोलादी पट्ट्यांनी जोडलेल्या लाकडी फळ्यांची असते, आणि ती कुजलेली असली तरी बदलणे हे या गाडीवरचे सर्वांत सोपे आणि समाधानाचे काम आहे.

पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, आसनाच्या पाठीमागे उभी आहे, सुमारे वीस गॅलनची, म्हणजे साधारण ७५ लिटरची. १९७३ च्या नव्या पिढीत ती केबिनबाहेर गेली. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा; पेट्रोलचा वास आला तर भरण्याच्या तोंडाची रबरी नळी किंवा टाकीवरील सील गेले आहे, आणि ते घरी नेण्याच्या आधी बदलायचे. तुम्ही मुलांना शाळेत सोडण्याचा उल्लेख केला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: कमरेच्या पट्ट्यांवर, हेडरेस्ट नसलेल्या बाकावर मुलांना नेऊ नका. केबिनला योग्य ती मजबुती देऊन खांद्यावरून येणारे पट्टे बसवून घ्या, तोवर गाडी एकट्यानेच चालवा.

एअर कंडिशनर कारखान्याचा असेल तर बॉनेटखाली उजव्या बाजूला केबिनच्या पत्र्यावर मोठी काळी पेटी असते, तिला जागा देण्यासाठी उजव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याला खळगा असतो आणि हवेच्या जाळ्या डॅशबोर्डमध्येच बसवलेल्या असतात. डॅशबोर्डखाली लटकणारी पेटी ही कारखान्यानंतर शोरूममध्ये किंवा आणखी पुढे बसवलेली; थंड तीही करते, पण ती सी ६० नाही. पॉवर स्टिअरिंग टेक्सासच्या पार्किंगमध्ये आणि विशेषतः मोठ्या इंजिनाखाली हवेच, आणि ते नंतर बसवलेले असले तरी काही बिघडत नाही. मागची मोठी काच घेतलेली असेल तर आनंद माना, मागे घेताना तिचा फार उपयोग होतो. रेडिओ, घड्याळ, दुरंगी रंगकाम यांविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही, एवढेच की समोरचा आरसा १९७२ मध्ये प्रथमच काचेला चिकटवला गेला, तेव्हा तो छताला स्क्रूने लावलेला दिसला तर केबिन १९७१ किंवा त्याआधीची आहे का, ही शंका घ्यावी.

पर्याय कितीही चांगले असले तरी निर्णय पत्र्यावर करा, कारण इंजिन आठवड्यात बदलता येते आणि गंजलेली केबिन वर्षभर काम घेते. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या गाड्या खालून विरघळतात. तुमच्या भागातल्या गाड्या त्या मानाने सुदैवी, पण तुमची गाडी पन्नास वर्षे तिथेच होती याची खात्री नाही. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या खालची खाच, चासीवर केबिन टेकते ते आधार आणि हौद्याच्या चाकांवरील कमानी, या ठिकाणी बघा. मऊ कापडात गुंडाळलेले लहान चुंबक कोपऱ्यांवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग पायाखालची रबरी मॅट चालकाच्या बाजूने उचला. खाली कोरडा, रंग टिकलेला पत्रा दिसला तर छान. ओला दिसला तर पाणी बहुधा काचेखालच्या खाचेतून येते आहे, आणि ती दुरुस्ती म्हणजे पुढचे मडगार्ड, डॅशबोर्ड आणि काच, सगळे उतरवणे.

आता तुमच्या गाडीपुरते. सहा सिलिंडरच्या गाडीत मोठा ब्लॉक बसवलेला असेल तर गाडी घेऊ नका असे मी म्हणणार नाही, पण ती अस्सल ‘४००’ च्या किमतीला घेऊ नका. बदललेली, चालवायची गाडी म्हणून भाव करा. अशा बदलात लोक इंजिन घालतात आणि बाकीचे विसरतात, म्हणून पाच गोष्टी पाहा: इंजिनाचे चासीवरचे आधार नीट बोल्ट केलेले आहेत की वेल्डिंगने जुगाड केलेले, रेडिएटर मोठा बदलला आहे की सहा सिलिंडरचाच आहे, पुढच्या स्प्रिंग वजनाने बसल्या आहेत का, गिअरबॉक्स टर्बो ४०० आहे का, आणि मागचा एक्सल बारा बोल्टच्या झाकणाचा आहे का. विक्रेत्याकडून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाचे, चासीच्या रेलवरील क्रमांकाचे, इंजिनाच्या उजव्या हेडपुढच्या सपाट जागेचे आणि मॅट उचललेल्या केबिनच्या जमिनीचे, अशी चार छायाचित्रे मागवा. ती देण्यास त्याने टाळाटाळ केली तर तिथे जाण्याचा प्रवास वाचवा. दिली तर मला पाठवा. त्या सपाट जागेवरचा संकेत आणि कागदावरच्या ओळी वाचून इंजिन कोणत्या वर्षाचे आहे आणि मूळ मागणीत शायेन सुपर होती का, हे मी तुम्हाला लिहून कळवीन.